उजवा खिसा

आलेसुंडच्या कचेरीतून फॉर्म आलाय.
'नेतृत्वगुण : एक ते पाचपैकी एका आकड्याभोवती गोल करा.'
फेरी धक्क्याला उभी, गाड्या उतरतायत,
माझ्यापाशी बारा मिनिटं
आणि शाई संपत आलेलं पेन.

सिवर्ट मला सापडला खाली, कॅन्टीनमध्ये.
वाफल विकायचा, सुटे पैसे मोजून परत द्यायचा.
हेस्टनेसच्या वळणावर बोट कलायच्या आधी,
आधी म्हणजे चांगले दोन श्वास आधी,
तो कपांच्या ट्रेवर हात ठेवायचा.
माझी पाळी नसताना कोपऱ्यात बसून मी तीनदा पाहिलं.
चौथ्यांदा विचारलं, कसं कळतं रे तुला?
म्हणाला, 'काय कळतं?'

फॉर्मात याला रकाना नाही.

कॅप्टन ओद्वारने सतरा वर्षं मला शेजारी उभं केलं,
बोटीला बोट लावू दिलं नाही.
छातीत कळ आली तेव्हा त्याचे हात सुटले,
आणि भर फ्योर्डात, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी,
मला समजलं की मला हे येतं.
माणूस भला होता. नाताळात अजून मी
त्याच्या बायकोकडे खारवलेला मासा पाठवते.

परीक्षेचा दिवस नव्हता तो, साधा मंगळवार.
नैऋत्येचा वारा, डेकवर अठ्ठावीस गाड्या,
एकीत आठ दिवसांचं बाळ.
मी सिवर्टला म्हटलं, घे.
आणि हात खिशात घातले.

धक्का जवळ येत गेला.
कोन चुकत होता. मला दिसत होतं,
त्याला अजून नाही.
एक शब्द पुरला असता.
तो शब्द जिभेला चिकटून बसला,
हिवाळ्यात कठड्याच्या लोखंडाला ओला हातमोजा चिकटतो तसा.
जीव मुठीत,
मूठ खिशात.

मग त्याची मान जराशी वळली.
उशिराच वळली,
पण त्याची त्याने वळवली.
मागचं इंजिन उलटं, पुढचं किंचित,
आणि लागलो धक्क्याला.
धक्का बसलाच थोडा.
पांढऱ्या रंगावर टायरचा काळा पट्टा उमटला, वीतभर.
बाळ जागं झालं नसावं,
तक्रार घेऊन वर कुणी आलं नाही.
तो माझ्याकडे बघत राहिला.
मी म्हटलं, 'दोर.'
दोर बांधायचे राहिले होते, म्हणून.

पट्टा मी अजून कुणाला घासू दिलेला नाही.

गोल करायचा राहिलाय. करते.
तीनभोवती करते.
पाच दिले तर ते त्याला उचलून नेतील,
गालिच्याच्या खोलीत बसवतील,
फळ्यावर बाण काढून इतरांना शिकव म्हणतील.
तो बिचारा शोधत राहील
हात कशावर ठेवायचा ते.

शेवटचा रकाना :
'प्रशिक्षणावर झालेला खर्च, पावतीसह.'

लिहिते :
कोटाचं अस्तर, उजवा खिसा,
आतून फाटलंय.
पावती नाही.