मे महिन्यातली हवा

उदाराम निखाडे, वय एकसष्ट, खाट सात.
आधी टेप लावून मोजलं त्यांना
टाळूपासून टाचेपर्यंत, शिंपी मोजतो तसं.
एकशे बासष्ट.
फुप्फुसं उंचीवर ठरतात.
पोट सुटलं, अंग भरलं,
तरी ती विसाव्या वर्षी होती तेवढीच.

दिवसपाळीने साडेचारशे मिली लावून ठेवलेले.
छाती छान वर येत होती,
बघणाऱ्याला बरं वाटावं इतकी.
मी श्वास टोकाला अर्धा सेकंद अडवला.
आकडा चौतीसवर येऊन बसला.
एक्स-रेत खालचं सगळं पांढरं,
म्हणजे ही एवढी हवा चालली होती
लेकराएवढ्या उरलेल्या जागेत.

मागच्या नवतप्यात, मानेवाडा चौकात,
माझ्या स्कूटीचं मागचं चाक बसलं होतं.
निंबाखाली कॉम्प्रेसरला पाठ टेकून एक जण.
म्हटलं, काका, टाइट भरा, डबलसीट जायचंय.
त्यांनी नळीच काढून घेतली.
"मे महिन्यात टाइट नाही भरत, बाई.
डांबर तापते, हवा फुगते,
फुटते मंग वर्धा रोडवर."
आणि ट्यूब टायरात घालण्याआधी
थोडी हवा ठेवली तिच्यात.
"रिकामी घातली तं घडी पडते.
घडी पडली का चिमटते."

तेच का हे, सांगता येत नाही.
तोंडातली नळी, चिकटपट्ट्या,
चेहरा उरलेलाच नाही ओळखण्यापुरता.
नखांतलं काळं मात्र
कुठल्याच स्पिरिटने निघालं नाही.

साडेतीनशे केलं.
वेग वाढवला, मिनिटाला सव्वीस.
आणि श्वास सुटल्यावरही आत बारा राहू दिले,
पुरतं मिटू नये म्हणून.
छाती आता जेमतेम हलते.
आकडा सत्तावीस.
कार्बन डायऑक्साइड चढेल थोडा. चढू दे.

पहाटे चारला निकेश आत आला.
मुलगा. दुकान आता तोच बघतो.
आधी खाट आठच्या खालची बाटली बघत राहिला,
कुणाच्या तरी छातीतली नळी, पाण्यात बुडबुडे.
"लिकेज हाये," स्वतःशीच म्हणाला.
मग बापाकडे वळला.
"म्याडम, छाती कमी हालून रायली."
मुद्दाम कमी केली, मी म्हटलं.
"कितीवर ठेवली?"
सत्तावीस.
"पौंड? तेवढी तं स्कूटीच्या चाकाले लागते!"

नाही रे, हे पाण्याचे सेंटिमीटर.
मोबाइल काढून हिशेब केला.
अर्धा पौंडही भरेना.
पुन्हा केला. तेवढाच.

त्याला दाखवलं.
तो कधी मोबाइलकडे, कधी खाटेकडे बघत राहिला.
"इतल्यावर चालते माणूस?"