अरे म्हणजे

सुलास्त्री शिकते आहे, याइझू बंदराच्या मागच्या गल्लीत,
वृद्धाश्रमाच्या कपडे वाळवायच्या खोलीत,
रात्रपाळीआधी मिळतात तेवढी वीस मिनिटं.

कोरे, माझ्या हाताजवळचं.
सोरे, तुझ्या हाताजवळचं.
अरे, दोघांच्याही हातापासून लांबचं.
(आपली हाक नव्हे ही.
या अरेनं कुणी वळून बघत नाही,
बोट तेवढं लांब जातं.)

पुस्तकात एक टेबल आहे, त्यावर सफरचंद, पेन, छत्री,
सगळं जागच्या जागी.
इथे टोपलीत सहा नंबरच्या खोलीचे मोजे,
टाचेवर न पुसणाऱ्या शाईत : कुरामोची नो.
पेल्यावर कुरामोची नो. चपलांवर. कवळीच्या डबीवर.
नो-ला लिंग नाही, वचन नाही,
मोजा काय, कवळी काय, तोच एक टाका.

कुरामोची-सान चाळीस वर्षं कात्सुओ धरायला जायचे.
आता खिडकीशी बसून म्हणतात,
अरे. अरे, तोत्ते.
सुलास्त्री चष्मा उचलते. कोरे?
सोरे जा नाई.
टॉवेल. रिमोट. एकदा तर भिंतीवरचं कॅलेंडर.
ते मान हलवतात, मग चिडतात, मग डुलकी लागते.

रविवारी मुलगी आली, फुमिए, पिशवीत संत्री घेऊन.
म्हणाली, आईला कळायचं.
हे अरे म्हणाले की ती उठायची.
काय आणायची?
कधी नेलकटर, कधी मीठ.
कधी काहीच नाही, येऊन शेजारी बसायची.
लांबचं असतं ना अरे, पण
दोघांना ठाऊक असलेलं लांबचं.
हे पुस्तकात नव्हतं. निदान पाचव्या धड्यापर्यंत तरी.

फेब्रुवारीत एका रात्री, अडीचच्या सुमारास,
परत, अरे.
या वेळी तिनं काही उचललं नाही.
बोटामागे नजर नेली, काचेपर्यंत.
काचेत खोलीच होती फक्त,
पलंग, सलाईनचा दांडा, ती, ते.
तिनं दिवा घालवला.
मग धक्क्याच्या टोकाला, काळ्या पाण्यावर,
तांबडा दिवा,
लागतो, विझतो, लागतो.
असोको, ती म्हणाली. तिथे.
सो, सो, ते म्हणाले. अरे.
बराच वेळ दोघंही काही बोलले नाहीत,
अंधारात मोज्यांवरचं नाव वाचता येत नव्हतं.

महिनाअखेरीच्या परीक्षेत तिनं लिहिलं,
अरे : दोघांपासून लांब असलेली वस्तू.
गुण पूर्ण मिळाले.