शाईची मुदत

दोंडाईच्याच्या मिरची बाजारामागे
दीड खोलीत माझं इंटरनेटचं ऑफिस.
हंगामात पंखा लावला की ठसका येतो,
हिरवे दिवे लुकलुकणारं कपाटसुद्धा
आता शिंकेल असं वाटतं.

भटूशेठ आले, गमछ्याने मान पुसत.
"काल सांजले नवा सर्व्हर लिधा, पैसा मोजा,
तरी नंदुरबारना व्यापारीले
गये सालना भाव दिसस. हाई काय शे?"

म्हटलं, शेठ, यंत्राला तुमचं नाव समजत नाही.
त्याला आकडे लागतात, चार आकडे, मध्ये ठिपके.
कुणी नाव टाकलं की एक निरोप्या निघतो.
आधी स्टँडवर. तिथला म्हातारा हमाल
कुणाचंच घर ओळखत नाही, फक्त रस्ते ओळखतो:
"माले माहीत नई भो. पानवालाले इचार."
पानवालाही घर सांगत नाही. कात लावता लावता म्हणतो,
"त्यास्ना हिशोब हिलाल लिखस. त्याले इचार."
हिलाल वही उघडतो. आकडे देतो.

निरोप्या ते तळहातावर लिहून घेतो,
पुन्हा कुणी विचारलं तर
एवढी वणवण नको म्हणून.
त्या शाईला मुदत असते.
तुमच्या शाईला शहाऐंशी हजार चारशे सेकंद.
तोवर तो जुन्याच दुकानात गिऱ्हाईक नेणार,
खोटं बोलत नाही बिचारा, हात वाचतो.

"म्हणजे उद्या?"
सांजपर्यंत, म्हटलं.
(मुदत आधीच कमी करून ठेवायची असते.
मी विसरलो होतो. हे सांगितलं नाही.)

रात्री शटर ओढलं. गाडी काढली.
दिवाळीत आम्ही रुळांपलीकडे राहायला गेलो,
तरी हँडल वळलं ते जुन्याच गल्लीत.
ओट्यावर लाईट होता. नवा रंग, पोपटी.
एका मुलीने दार उघडलं. "कोन जोयजे?"
माझ्या तोंडून माझंच आडनाव निघालं.
"त्या आते अठे नई ऱ्हातस."

हमाल असं कधी म्हणत नाही.
पानवालाही नाही. ते पुढे पाठवतात.
नाही म्हणायचा हक्क
फक्त दाराला.

गाडी वळवली.
फाटकाशी मालगाडी जात होती, लांबलचक.
थांबल्या थांबल्या डोळा चोळला
आणि मग आठवलं,
शेठने जाताना हातात हात दिला होता,
दिवसभर मिरची चाळलेला.