आधी धुरे

आमच्याकडे चित्र जुळवायचं ते उन्हाळ्यात,
भर दुपारी, कुलर बंद करून.
वाऱ्यानं तुकडे उडतात.
घामानं पाठ चिंब झाली तरी चालेल,
आभाळ हलता कामा नये.

आबाजी जिनिंगमध्ये सुतार.
मॅनेजर बदलून गेला, बंगल्यातलं सामान विकायला काढलं,
तेव्हा हा डबा आणला अडीच रुपयांना,
वर छत्रीची एक मूठ फुकट.
माय म्हणाली होती म्हणे,
"फाटलेलं चित्र इकत आणते का कोनी?"

पाचशे तुकडे. कुठलंसं बंदर.
पांढरी घरं, होड्या,
आणि बाकी निळंच निळं.
समुद्र घरात कोणीच पाहिला नव्हता.
आर्वीच्या अलीकडे आमचं गाव,
उन्हाळ्यात नदीसुद्धा गुडघ्याला लागत नाही.

आबाजींचा नियम एकच: आधी धुरे.
कडेचे तुकडे वेचायचे, चारी बाजू बांधून घ्यायच्या.
"धुरा पक्का असला का वावर कुठी जात नाही."
उरलेले सुपात.
इंदूआत्या तूर निवडावी तसे निवडायची,
दोन कानांचे, तीन कानांचे, नकटे,
आणि एक, ज्याला ती आपल्या नणदेचं नाव घ्यायची:
कुठंच बसायची नाही,
आणि तिच्यावाचून अडायचं.

जुन्या दाराच्या फळीवर मांडायचं.
रात्री फळी बाजेखाली,
आणि बाजेवर निजणाऱ्यानं कूस बदलायची नाही.
माझे बाबा अजूनही ओंडक्यासारखे झोपतात
ते तिथलंच.
मी होडीवाला.
लाल शीड दुसऱ्या कोणी लावलं
तर त्या दिवशी जेवायचो नाही.

आता माझी कनक नऊ वर्षांची.
आणि आत्याचे डोळे गेले.
काचबिंदू. सेवाग्रामला नेलं,
डॉक्टर म्हणाले, उशीर केला.

तरी यंदा बसलीच ती, सूप मांडीवर घेऊन.
एकेक तुकडा पालथा करायला लागली.
"मले आता रंग कायले पायजे?"
फळीवर नुसता खाकी पुठ्ठा.
समुद्राला पाठ असते
हे मी तेव्हा पाहिलं.

ती कान चाचपायची, खाचा चाचपायची,
अंगठ्यानं हलकेच दाबायची,
भाकर झाली का बघतात तशी.
कनक एखादा उलटून बघायची,
"आजी, हे घर आहे गं."
"असन घर. त्याले शेजारी दे."

पाचव्या दिवशी आत्याचं बोट थांबलं.
"हा अठचा नाही."
कनकनं उलटवला. "निळाच आहे की."
"निळा असन. पन अठचा नाही."
मग तळाशी, पार दुसऱ्या टोकाला,
तसाच एक सापडला.
आभाळातला पाण्यात, पाण्यातला आभाळात.
पन्नासेक वर्षं.
आत्या हसली, पदर तोंडाला लावून.
"आबानं ठोकला असन. पटाशीच्या मुठीनं.
सुतार मानूस. बसत नाही म्हनलं
का ठोकलाच त्यानं."

आम्ही अदलाबदल केली.
बसेनात.
चेपून चेपून त्यांचे कान
चुकीच्या जागेचे झाले होते.
आपल्या जागेवर दोन्ही डुगडुगत होते.
कनक माझ्याकडे बघत राहिली.
मला काही सुचलं नाही.

"होते तठीच राहू दे," आत्या म्हणाली.

कनकनं कंपासपेटीतून पेन काढलं,
दोन्हींच्या पाठीवर बारीक अक्षरात लिहिलं:
हा चुकलेला आहे. हलवू नये.
"काय लिवलं व?"
तिनं वाचून दाखवलं.
"परत वाच."
परत वाचलं.
आत्यानं सूप पालथं करून झटकलं,
भिंतीला लावून ठेवलं.
"बरं. कुलर लाव आता,
लय उकडते."