दाढ

डेपोत सांगितलंय, दाढ दुखते.
दर बुधवारी दुपारची फेरी बदलून घेते
आणि गाठते हिंगोलीचा सरकारी दवाखाना,
एक्स-रेच्या शेजारची खोली, नंबर चौदा.
दाराला हिरवा पडदा, खालून वीतभर आखूड.
बाहेर थांबलेल्यांच्या चपला आतून मोजता येतात.

मोजायची सवय जुनीच.
तिकिटं मोजते, सुटे मोजते, पुन्हा सुटे.
रात्री कुलूप ओढून बघते सात वेळा,
आठव्यांदा उठले की नवरा कूस बदलतो,
काय करायलीस गं, झोप की.
गाडी स्टँडला लागलेली, प्रवासी उतरून गेलेले,
पण इंजिन थरथरत राहतं सगळ्या काचांमधून,
तसं आत.
माय म्हणायची, धाकधूक.
बाईमाणसाला असतीच.

पहिल्या दिवशी मॅडमनी रजिस्टर पुढं ओढलं.
मी आडनाव तयार ठेवलं होतं जिभेवर,
चेकर चढला की वेबिल ठेवते तसं.
आडनाव ऐकून समोरचा चेहरा
अर्धा इंच कसा मागं सरकतो, मला पाठ आहे.
त्या म्हणाल्या, कालिंदा, झोप कशी लागते?

तेव्हा कुठं वर बघितलं.
त्याही माझ्याच रंगाच्या.
कुणी म्हणेल ओल्या रानासारख्या, जांभळासारख्या.
उपमा नको.
माझ्या रंगाच्या.

मग निघत गेलं एकेक, फाटक्या पोत्यातून ज्वारी सांडावी तसं.
बघायला आलेल्यांनी धाकटीला पसंत केलं,
चहा मी केला होता.
सेनगावचा एक जण रोजचा,
सुटे पैसे माझ्या हातावर ठेवत नाही,
सीटवर टाकतो.
आणि हे कुणालाच सांगितलं नव्हतं,
लेक झाली तेव्हा नर्सला मी पहिलं विचारलं,
रंग कसाय?
रडली का, नाही.
वजन किती, नाही.
रंग.

मॅडम 'जाऊ द्या' म्हणाल्या नाहीत.
जन्मात पहिल्यांदा कुणी जाऊ द्या म्हणालं नाही.
पंखा कुरकुरत होता.
मला पाणी दिलं, स्वतःही प्याल्या.

आता जुन्या वेबिलांच्या पाठीवर लिहिते,
औंढ्याच्या पुढं, चार वाजून दहा मिनिटं, छातीत धडधड.
कशाची?
माहीत नाही.
हे 'माहीत नाही'सुद्धा लिहायचं, असं त्यांचं सांगणं.
एक घंटी थांब, दोन घंट्या चल,
तेरा वर्षं ही दोरी माझ्या हातात आहे.
स्वतःसाठी एकटी घंटी
कधी दिली नव्हती.

बरं वाटतंय का, विचाराल तर
परवा कुलूप तीनदाच ओढलं.
काल पाचदा.
त्या सेनगाववाल्याला म्हटलं, हातात द्या,
आणि दिवसभर हात कापत राहिला.
लेकीची वेणी घालताना मानेवरचा काळा तीळ दिसला.
नऊ वर्षांत तो नीट बघितलाच नव्हता.

डेपोत दाढेचं चालूच आहे.
मुनीरभाई स्टिअरिंगवरून मागं वळून म्हणतात,
बाई, माणसाला दात बत्तीसच असतात,
तुमचे किती राहिले?
मी हसते, तिकिटं फाडायच्या जुन्या सवयीनं
बोटं हवेत चालतात.

या गुरुवारी जिंतूरला गाडी रिकामी झाली.
त्यांनी इंजिन बंद केलं.
रसवंतीच्या घुंगरांकडं बघत बसले बराच वेळ.
मग, माझ्याकडं न बघताच,
बाई,
आमच्या घरीपण दाढ दुखायलीय.
रात्र-रात्र बसून राहती.
काही खात नाही.

मी पैशाची पिशवी बांधत होते.
मोजायचं अर्ध्यात सोडलं.
म्हटलं, बुधवारी.
खोली नंबर चौदा.
पडदा आखूड आहे तिथला,
पण चपलाच दिसतात फक्त.