उपस्थिती : एक

फळा माझ्याकडे असतो.
खडू ओला करून लिहिलं की अक्षर उठून दिसतं,
हे मला कुणी शिकवलं नाही.

चैत्रात लिहिलं : मातीचे मणी करू या, वय आठ ते चौदा.
बावीस पोरं आली.
तावरजेच्या काठची गाळमाती मी पाटीभर आणली होती,
अर्धीचे मणी झाले, अर्धी एकमेकांच्या शर्टांना.
एकानं विचारलं, दोन हजार वर्षांनी माझा मणी
कुठल्या कपाटात ठेवाल?
बिराजदार मॅडम हसल्या. मी कपाटं मोजली.
सात आहेत.
सातव्याला कुलूप बसत नाही.

सतरा सप्टेंबरला झेंडा,
मग व्हरांड्यात जुने फोटो, दोरीला चिमट्यांनी.
एक म्हातारा एका फोटोपुढं बराच वेळ थांबला
आणि चपला शोधत निघून गेला.
चिमटा सैल होता. तो फोटो
संध्याकाळपर्यंत दोनदा पडला.

हिवाळी उपक्रमाची तारीख वरून आली.
मी म्हणालो, मॅडम, त्या दिवशी येळवस.
औशात कुत्रंसुद्धा राहत नाही.
मॅडम म्हणाल्या, पत्र निघालंय.
म्हणून लिहिलं : ओळखा पाहू, जुनी भांडी.
सकाळी अकरा. प्रवेश मोफत. पाच फोटो बंधनकारक.

सकाळपासून बैलगाड्या, टमटम, मोटारसायकली,
डोक्यावर आंबिलाची बिंदगी,
सगळा गाव रानाकडं, कडब्याच्या कोपीकडं.
मॅडमनाही सासरच्या शेतावर जावं लागलं.
साडेअकराला रस्त्यावर फक्त ऊन.
मी खुर्च्या मांडल्या. चाळीस.
मांडल्या म्हणून पुसल्या.

बाराला चांदबी आली.
गुडघ्यामुळं बांधापर्यंत चालवत नाही तिला,
शेजारच्यांनी भज्जी न् आंबील घरपोच केलं होतं,
ते खाऊन, काठी टेकत, उन्हाला बसायला जागा बघत आली.
निम्म्या गावाची नाळ तिनं कापलेली.
माझीही, असं ती म्हणते. मी नाकारत नाही.

कार्यक्रम तर घ्यायचा होता.
मी एकेक कपाट दाखवत गेलो, ती मान हलवत गेली.
राजांच्या नाण्यांना हं, शंखाच्या बांगड्यांना हं.
सातव्यापाशी थांबली.
चिठ्ठी माझ्याच अक्षरातली :
दिवा, पुढं प्रश्नचिन्ह. भाजकी माती. काळ अनिश्चित.

हे दिवा न्हाई बाबा, ती म्हणाली. बोंडलं हाय.
म्हटलं, चोचीला काजळी आहे.
चुलीपाशी ठिवलं असंल. दूध कोमट नको का?

नियम क्रमांक चार मला पाठ आहे.
तरी दार ओढलं.
तिनं ते डाव्या तळव्यात घेतलं, अंगठा बरोबर खोबणीत,
आणि माझ्या तांब्यातलं पाणी ओतलं.
थेंब आला. थांबला. मग दुसरा.
करंगळीवर घेत ती मोजत होती,
कुणाच्या गळ्याला केवढा घोट झेपतो ते
ओठ हलवत, मनातल्या मनात.
आई वारलेलं असंल, म्हणाली.
मग मला कळेना, खुर्ची द्यावी की काय करावं.
चाळीस होत्या.

वहीत तिचा अंगठा घेतला. फोटो एकच काढला,
त्यात तिचा हात आहे आणि माझी सावली.
उरलेले चार कुठून आणायचे, हे मॅडमनी बघितलं.

बोंडलं, असं लिहू का, विचारलं
तर म्हणाल्या, तज्ज्ञांचं मत मागवते, तोवर दिवाच राहू दे.
बरोबर आहे त्यांचं. चिठ्ठी कार्यालयाची असते.

पुसून परत ठेवलं तेव्हा
चोचीच्या आत ओल राहून गेली होती.
फुंकर घालून बघितली.
मग तसंच ठेवलं.

शिमग्याच्या कार्यक्रमाची तारीख अजून आलेली नाही.
फळा मोकळा आहे.
खडू मी रोज ओला करतो.