शेंगदाणा

सिव्हिलमध्ये डॉक्टर हत्तरगी कागदावर मेंदू काढतात.
मधोमध, पार तळाशी, एक टिंब:
"सुपारीएवढी जागा. थॅलॅमस."
मग मला एका माकडाची गोष्ट सांगतात.

त्याला नाव नव्हतं, सव्वीस आकडा होता.
पुढ्यात एक वस्तू. उचलली की खाली शेंगदाणा.
मग पडदा.
पडदा सरला की दोन वस्तू, मघाची आणि एक नवी,
आणि दाणा आता नवीखाली.
म्हणजे जुनी आठवायची, ती सोडण्यासाठी.
सव्वीस क्वचितच चुके, पडदा दहा मिनिटं राहिला तरी.
मग त्या टिंबात सुई गेली.
त्यानंतर पडदा झटकन सरला तर जमायचं.
जरा रेंगाळला
की दोन्ही वस्तू नव्या.

"नजर शाबूत, भूक शाबूत," डॉक्टर म्हणाले,
"फक्त मधला धागा..."
आणि साखर पेठेतल्या पोरीपुढे हा शब्द कशाला,
म्हणून थांबले असावेत.

नायना ओट्यावर बसलाय.
एकतीस वर्षं जेकार्डच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडली,
कुठल्या भोकापाशी मोराची मान वळते ते बोटांना पाठ.
मग कारखाना बुडाला. मग जेवणाऐवजी शिंदी.
आता दर थोड्या वेळानं: "माग बंद केलास का?"
घरचा माग विकून नऊ वर्षं झाली.
"केला," मी म्हणते.

लाज वाटत होती, तरी केलं.
पेला पालथा, खाली दाणा. टॉवेल आडवा धरला.
मग तोच पेला आणि अम्माचा कुंकवाचा करंडा.
टॉवेल लगेच काढला; त्यानं करंडा उचलला. बरोबर.
दुसऱ्यांदा वाटी आणि डब्याचं झाकण घेतलं,
शेजारच्या पॉवरलूमचे शंभर ठोके मोजले,
हात भरून आले.
नायना दोन्हींकडे बघत राहिला,
नमुना चुकलेल्या चादरीकडे बघावं तसा,
आणि दोन हातांनी दोन्ही उचलली.
दाणा सापडलाच.
साल चोळलं, फुंकर मारली,
एक पाकळी तोंडात, दुसरी माझ्या तळहातावर:
"घे, कोती."

माकडाला आमच्यात कोती म्हणतात.
आतेच्या चिंचेवर चढायचे तेव्हा मला म्हणायचा.
तीस वर्षांत एकदाही नाही.

डॉक्टरांचा कागद उघडला. घामानं टिंब पसरलं होतं.

"माग बंद केलास का?"
"केला, नायना."